बिलाच्या कोपऱ्यातले आकडे : भिवंडीकरांसाठी १८ चटपटीत नंबर-गोष्टी

धामणकर नाका असो, कल्याण नाका असो की अंजूरफाटा, कुठल्याही दवाखान्याची पावती हातात आली की डोळे आधी शेवटच्या ओळीकडे जातात : एकूण किती झाले? डॉक्टरांच्या सहीखालचा रजिस्ट्रेशन नंबर, हॉस्पिटलच्या नावाखालचा नोंदणी क्रमांक, कॅशलेसच्या फॉर्मवरचा तेरा आकडी नंबर यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. खरी मजा मात्र तिथेच भरलेली आहे. या आकड्यांत कायदा आहे, इतिहास आहे, झकास गणित आहे आणि कापडाचे धागे मोजणारा एक अफलातून शोधकही आहे! शिवाय यातला प्रत्येक नंबर रुग्णाच्या एकाच प्रश्नाचं उत्तर देतो : माझ्या उपचाराची जबाबदारी कुणाची?

चला तर, एकेक नंबर उलगडूया.

१. पावतीवर नंबर हवाच!

डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक छापायचा की नाही, हा मर्जीचा मामला नाही. २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेत तसा थेट नियम आहे. राज्य परिषदेने दिलेला क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावायचा, आणि प्रिस्क्रिप्शन, सर्टिफिकेट व पैशांची पावती या तिन्हींवर लिहायचा. म्हणजे साध्या तापाची पन्नास-शंभर रुपयांची पावती असली तरी तिच्यावर हा नंबर असायला हवा. तो विचारताना संकोच बाळगण्याचं काहीच कारण नाही.

२. नंबरात दडलेलं साल

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद झालेल्या अनेक डॉक्टरांचा नंबर तीन तुकड्यांत असतो : आधी वर्ष, मग महिना, मग अनुक्रम. २०११/०५ ने सुरू होणारा नंबर दिसला की समजायचं, ही नोंदणी मे २०११ ची. जुन्याजाणत्या डॉक्टरांचे नंबर मात्र सलग आकड्यांचे असतात, त्यात साल-महिना नसतो. पुढच्या वेळी वेटिंग रूममध्ये बसाल तेव्हा भिंतीवरचं सर्टिफिकेट निरखून बघा. वेळ छान जाईल!

३. पॅथी वेगळी, परिषद वेगळी

भिवंडीत एकाच गल्लीत एमबीबीएस, बीएएमएस, बीयूएमएस आणि बीएचएमएस अशा चारही पाट्या सापडतात. यांची नोंदणी एकाच ठिकाणी होत नाही. एमबीबीएसची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. आयुर्वेद आणि युनानी या दोन्हींची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. होमिओपॅथीची स्वतंत्र परिषद आहे. त्यामुळे एका परिषदेच्या यादीत नाव सापडलं नाही म्हणून लगेच शंका घेऊ नका. आधी पदवी वाचा, मग योग्य परिषदेच्या यादीत शोधा. विम्याच्या क्लेम फॉर्ममध्येही डॉक्टरांच्या नावाशेजारी पदवी आणि राज्याच्या कोडसह नोंदणी क्रमांक असे दोन्ही रकाने असतात, ते याचसाठी.

४. आनंदीबाईंकडे हा नंबर नव्हता

भिवंडीच्या शेजारच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी गेल्या. त्या काळी मुंबई इलाख्यात डॉक्टरांची कायदेशीर नोंदवहीच नव्हती. ती आली १९१२ च्या बॉम्बे मेडिकल अॅक्टने, म्हणजे त्यांच्या निधनानंतर पाव शतकाने. आज आपण ज्याला ‘रजिस्टर्ड डॉक्टर’ म्हणतो, ती ओळख इथे एवढी उशिरा जन्मली. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा सध्याचा कायदा १९६५ चा.

५. एकदा मिळाला म्हणजे कायमचा नव्हे

महाराष्ट्रात एमबीबीएस डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी नुसती फी भरून भागत नाही. पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात आणि ते मिळतात परिषदा, कार्यशाळा, व्याख्यानं अशा सततच्या शिक्षणातून. नंबर तोच राहतो, पण तो जिवंत ठेवण्यासाठी डॉक्टरांना शिकत राहावं लागतं. रुग्णाच्या दृष्टीने किती दिलासा देणारी ही अट आहे!

६. मोबाइल काढा, डॉक्टर ओळखा

२०२५ मध्ये महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने ‘नो युवर डॉक्टर’ या नावाने क्यूआर कोड आणले. दवाखान्यातला कोड मोबाइलने स्कॅन केला की डॉक्टरांची नोंदणी आणि पदवी समोर दिसते. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये देशपातळीवर नॅशनल मेडिकल रजिस्टरचं पोर्टल सुरू झालं. प्रत्येक अॅलोपॅथी डॉक्टरला देशभर चालेल असा एकच वेगळा ओळख क्रमांक देण्याची त्यात योजना आहे.

अशा पडताळणीची गरज कामगारवस्तीत सर्वांत जास्त असते. परराज्यातून आलेल्या, रोजावर जगणाऱ्या माणसाला जवळचा आणि स्वस्त दवाखाना लागतो, आणि बोगस डॉक्टर नेमके तिथेच दुकान थाटतात. नॅशनल मेडिकल कमिशनच्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय डॉक्टरकी करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

७. इमारतीलाही नंबर असतो

डॉक्टरांचा नंबर वेगळा, हॉस्पिटलचा वेगळा! महाराष्ट्रातल्या खासगी हॉस्पिटलांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम्स रजिस्ट्रेशन कायद्याखाली होते. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही, त्यामुळे इथे जुनाच कायदा चालतो. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले आणि रुग्णहक्कांची सनद त्यात आली. भिवंडी-निजामपूर शहर महापालिकेच्या हद्दीत ही नोंदणी महापालिकेकडे असते. नोंदणीचं प्रमाणपत्र हॉस्पिटलात दर्शनी भागी लावलेलं असायला हवं. आत शिरताना उजवीकडे-डावीकडे एक नजर टाकायची सवय लावा.

८. भिवंडीत दहा खाटा, ठाण्यात पंधरा

विमा कंपनीच्या भाषेत ‘हॉस्पिटल’ कशाला म्हणायचं? कायद्याखाली नोंदणी असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात : चोवीस तास डॉक्टर, चोवीस तास नर्स, सुसज्ज ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी आणि ठरावीक खाटा. दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहरात किमान १० खाटा, बाकी ठिकाणी १५.

आता नकाशा बघा. २०११ च्या जनगणनेत भिवंडी महापालिकेची लोकसंख्या सात लाखांच्या पुढे होती, पण दहा लाखांच्या आत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही शेजारची दोन्ही शहरं दहा लाखांच्या पार. म्हणजे त्या गणनेच्या हिशोबाने, खाडीच्या अलीकडे दहा खाटांचं रुग्णालय अटीत बसतं आणि पलीकडे त्याला आणखी पाच खाटा लागतात!

९. रोहिणीचा तेरा आकडी पत्ता

कॅशलेससाठी हॉस्पिटलच्या टीपीए (विम्याचं काम बघणाऱ्या) डेस्कवर जो फॉर्म भरतात, त्यात हॉस्पिटलच्या नाव-पत्त्यासोबत ‘रोहिणी आयडी’ असा रकाना असतो. रोहिणी ही विमा क्षेत्राच्या जाळ्यातल्या हॉस्पिटलांची देशव्यापी नोंदवही. इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो ती सांभाळतो. देशात एकाच नावाची कितीतरी हॉस्पिटलं असतात. ‘सिटी हॉस्पिटल’, ‘लाइफ केअर’, ‘साई’ अशी नावं तर गावोगावी. नावात घोळ होऊ शकतो, तेरा आकड्यांत नाही. प्रत्येक आयडी एका ठिकाणच्या एकाच हॉस्पिटलचा.

१०. हॉस्पिटल आणि बिस्किटाचा पुडा, दोघांचं कूळ एक

घरातला बिस्किटाचा पुडा उलटा करा. बारकोडखाली बहुधा ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी नंबर दिसेल. ८९० हा जीएस-वन या जागतिक संस्थेच्या भारतीय शाखेचा क्रमांक. रोहिणी आयडीसुद्धा याच जीएस-वनच्या पद्धतीने बांधलेला आहे. वस्तूला द्यायचा नंबर आणि ठिकाणाला द्यायचा नंबर यांची रचना सारखीच : तेरा आकडे, आणि शेवटचा आकडा आधीच्या बारा आकड्यांची तपासणी करणारा.

घरच्या घरी करून बघा. ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे घ्या. डावीकडून पहिल्याला एकने गुणा, दुसऱ्याला तीनने, तिसऱ्याला एकने, चौथ्याला तीनने, असं शेवटपर्यंत. बेरीज येते बरोबर १३०. पुढच्या दहाच्या पटीत जायला किती हवेत? शून्य! म्हणून तपासणीचा आकडा शून्य. पूर्ण नंबर झाला ८९०१२३४५६७८९०. सरळ ओळीने मोजत गेलेला नंबर गणितातही चोख उतरतो.

११. धागे मोजणारा माणूस

ही गोष्ट खास मागवाल्यांसाठी. नंबरातली चूक पकडणारा जगातला सर्वांत प्रसिद्ध नुस्खा म्हणजे लून सूत्र. बँकेच्या कार्डावर तेच, मोबाइलच्या १५ आकडी आयएमईआयमध्ये तेच, आणि अमेरिकेतल्या प्रत्येक डॉक्टरच्या बिलिंग नंबरातही तेच. ते शोधणारा हान्स पीटर लून १८९६ साली जर्मनीतल्या बार्मेन या कापडनगरीत जन्मला. आज ते गाव वुपर्टाल शहराचा भाग आहे.

संगणकाच्या दुनियेत येण्याआधी लूनने कापडधंद्यात काम केलं होतं. त्या काळातला त्याचा शोध म्हणजे ‘लुनोमीटर’. बारीक रेषा कोरलेली ही पट्टी कापडावर ठेवली की रेषा आणि धागे यांच्या मेळातून एक नक्षी उमटते आणि इंचात किती धागे आहेत ते पट्टीवर वाचता येतं. भिंगाखाली सुईने एकेक धागा मोजायची गरजच नाही! पुढे १९४१ मध्ये तो आयबीएममध्ये गेला. १९५४ मध्ये त्याने तपासणीचा आकडा काढणाऱ्या हातात मावेल अशा यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० मध्ये ते पेटंट मंजूर झालं.

भिवंडीत विणाईची मजुरी पिकवर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, ठरते. इंचात एक पिक इकडेतिकडे झाला की भाव बदलतो, वाद होतो, माल परत येतो. मोजणीतल्या एका चुकीची किंमत काय असते, हे या गावाला कुणी वेगळं सांगायला नको. त्याच कापडधंद्यात वावरलेल्या माणसाने पुढे जगाला नंबरातली एक आकड्याची चूक पकडायला शिकवलं, हे वाचून कुठल्याही विणकराची छाती फुलावी!

१२. ऐरोलीतली रात्र आणि अमेरिकेतला डॉक्टर

ठाणे, ऐरोली, पुणे इथल्या ऑफिसांतून ‘मेडिकल बिलिंग’ची नोकरी करणारी हजारो मराठी मुलंमुली अमेरिकेतल्या डॉक्टरांचे क्लेम भरतात. त्यांच्या तोंडी सतत एक शब्द असतो : एनपीआय. हा अमेरिकेतल्या प्रत्येक डॉक्टरचा, नर्सिंग व्यावसायिकाचा आणि हॉस्पिटलचा दहा आकडी राष्ट्रीय नंबर. १९९६ च्या हिपा कायद्यातून त्याची कल्पना आली, २००४ मध्ये नियम झाला आणि २३ मे २००७ पासून तो बहुतेकांना बंधनकारक झाला.

त्याआधी काय होतं? प्रत्येक विमा कंपनी डॉक्टरला स्वतःचा वेगळा नंबर द्यायची. एकाच डॉक्टरचे डझनभर नंबर, आणि चुकीच्या कंपनीला चुकीचा नंबर गेला की क्लेम परत. एनपीआयने तो सगळा पसारा आवरला. डॉक्टर बोस्टनहून डॅलसला गेले, नोकरी बदलली, लग्नानंतर नाव बदललं, तरी नंबर तोच.

१३. त्या दहा आकड्यांची जादू

एनपीआयचा शेवटचा आकडा कसा येतो? नमुना म्हणून १२३४५६७८९ घ्या. उजवीकडून सुरुवात करून एकाआड एक आकडा दुप्पट करा : ९ चे १८, ७ चे १४, ५ चे १०, ३ चे ६, १ चे २. दुप्पट करून दोन आकडी झालेल्या संख्येचे अंक वेगळे मिळवा, म्हणजे १८ चे १ आणि ८. मधले न बदललेले आकडेही मिळवा. बेरीज ४३. त्यात २४ घाला, झाले ६७. सत्तर व्हायला हवेत ३. म्हणून पूर्ण नंबर १२३४५६७८९३.

आणि हे २४ कुठून आले? एनपीआयच्या आधी न लिहिलेले पाच आकडे गृहीत धरतात : ८०८४०. त्यातले ८० आरोग्यक्षेत्राचे, ८४० अमेरिकेचे. त्यांचा हिशोब नेहमी २४ च येतो, म्हणून तो आयता मिळवतात.

१४. कुठली चूक सापडते, कुठली निसटते?

एक आकडा चुकला तर लून सूत्र हमखास पकडतं. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले तरी बहुतेक वेळा पकडतं. पण ०९ चे ९० झाले तर ते फसतं! कारण ९ दुप्पट करून अंक मिळवले तरी ९ च येतात आणि शून्याचं शून्यच राहतं. बारकोडच्या पद्धतीतही अशी एक फट आहे. शेजारच्या दोन आकड्यांत पाचाचा फरक असेल तर त्यांची अदलाबदल कळत नाही, जसे २७ चे ७२.

ही फट बुजवली डच गणिती याकोबस वेरहूफ यांनी १९६९ मध्ये. पंचकोन फिरवण्या-उलटवण्याच्या गणितावर त्यांनी अशी पद्धत बसवली की एका आकड्याची चूक आणि शेजारच्या आकड्यांची अदलाबदल, दोन्ही शंभर टक्के पकडली जातात. तुमच्या खिशातल्या आधार कार्डाचा बारावा आकडा याच वेरहूफ पद्धतीने निघतो.

१५. २७ : दुकानाचा आणि दवाखान्याचाही

भिवंडीतल्या कुठल्याही कापड व्यापाऱ्याला झोपेतून उठवून विचारा, जीएसटी नंबर कशाने सुरू होतो? उत्तर येईल, २७! हा महाराष्ट्राचा राज्य कोड. आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या आरोग्य संस्थांच्या नोंदवहीतही आपल्या राज्यातल्या दवाखान्याचा आयडी ‘आयएन’ या अक्षरांनंतर २७ घेऊन येतो. हे मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं.

त्यात तीन नंबरांची साखळी आहे. रुग्णाचा चौदा आकडी आभा नंबर, डॉक्टर-नर्स यांचा एचपीआर आयडी, आणि हॉस्पिटल किंवा लॅबचा एचएफआर आयडी. कोणावर, कोणी, कुठे उपचार केले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका धाग्यात. आभा काढणं ऐच्छिक आहे आणि नोंदी कुणाला दाखवायच्या हे रुग्णाच्या संमतीवर ठरतं. गावाहून कामाला आलेल्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. जुने रिपोर्ट गावी ट्रंकेत राहिले तरी डिजिटल जोडलेल्या नोंदी इथल्या डॉक्टरांना दाखवता येतात.

१६. जीएसटी नाही? घाबरू नका!

किराणा दुकानाच्या बिलावर जीएसटी नंबर असतो, मग डॉक्टरांच्या पावतीवर का नाही? कारण डॉक्टर आणि हॉस्पिटल यांच्या उपचारसेवेवर जीएसटी माफ आहे. अपवाद आला १८ जुलै २०२२ पासून : दिवसाला पाच हजार रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर पाच टक्के कर. त्यातही आयसीयू वगळलेलं आहे. जनरल वॉर्डच्या बिलात खोलीभाड्यावर जीएसटी लावलेला दिसला तर काउंटरवर जरूर विचारा.

औषधाच्या बिलाचं गणित वेगळं. तिथे औषध परवान्याचा नंबर बघायचा. किरकोळ मेडिकल स्टोअरचे परवाने २० आणि २१ या नमुन्यांत, घाऊक विक्रेत्याचे ‘२०-बी’ आणि ‘२१-बी’ या नमुन्यांत. मानकोली, पूर्णा, काल्हेर पट्ट्यातल्या गोदामांमुळे भिवंडी ही औषधांच्या घाऊक साठ्याचीही मोठी पेठ आहे. त्यामुळे हे ‘बी’वाले परवाने इथे ठायी ठायी भेटतात. इथल्या गोदामातून निघालेला खोका राज्यातल्या कुठल्या कुठल्या मेडिकलवर पोहोचतो, आणि परवान्याच्या त्या नंबरामुळे औषध कुठून आलं याचा माग मागे भिवंडीपर्यंत लावता येतो.

१७. मशिनचा नंबर, सहीचा नंबर, आजाराचाही नंबर

सोनोग्राफी सेंटरला गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली स्वतंत्र नोंदणी लागते. तिची मुदत पाच वर्षं आणि प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे. गरोदर बाईची प्रत्येक सोनोग्राफी ‘एफ’ फॉर्ममध्ये नोंदवायची असते. अभिमानाची गोष्ट म्हणजे असा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा.

लॅबच्या रिपोर्टवर कुणाची सही चालते? १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयात हे पक्कं झालं : पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच. सहीखाली नाव, पदवी आणि नंबर हवा.

आणि आजारालाही नंबर! जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणात कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा, बिसिनोसिसचा, कोड आहे ‘जे ६६.०’. सततच्या गोंगाटाने कानाच्या आतल्या भागावर होणाऱ्या परिणामाचा ‘एच ८३.३’. माग खडखडत असताना खोकत, कानाला हात लावून बोलणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या केसपेपरवर हे कोड अचूक पडायला हवेत. आजार नोंदला गेला तरच तो मोजला जातो, आणि मोजला गेला तरच त्यावर कुणी काम करतं.

१८. जगात कुठे काय?

ब्रिटनमध्ये डॉक्टरांचा जीएमसी नंबर सात आकडी, तर रुग्णाचा एनएचएस नंबर दहा आकडी, त्यातही शेवटचा आकडा तपासणीचा. ऑस्ट्रेलियात तऱ्हाच निराळी : तिथे मेडिकेअरचा प्रोव्हायडर नंबर डॉक्टर आणि जागा यांच्या जोडीला मिळतो. एकच डॉक्टर तीन दवाखान्यांत बसत असतील तर नंबर तीन! अमेरिकेत नंबर माणसाला चिकटलेला, ऑस्ट्रेलियात माणसाला आणि जागेला मिळून. आपल्याकडे डॉक्टरांची नोंदणी परंपरेने राज्य परिषदेकडे, आणि आता तिला राष्ट्रीय नंबरांची जोड मिळते आहे.

आता तुमची पाळी!

विम्याच्या कामात वेळेला मोल असतं. मे २०२४ च्या परिपत्रकात विमा नियामकाने कॅशलेसच्या पहिल्या मंजुरीसाठी एक तास आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीसाठी तीन तासांची मर्यादा घातली आहे. पण फॉर्मवर डॉक्टरांचा नंबर अर्धवट असेल, हॉस्पिटलच्या नोंदणीची तारीख उलटून गेली असेल, तर ‘क्वेरी’ येते आणि बरा झालेला रुग्ण पिशवी भरून खाटेवर ताटकळत बसतो. सरकारी योजनेतही कागदपत्रं चोख लागतात. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये ठाण्यासह राज्यभर पोहोचली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. तिचा लाभ घ्यायचा तर हॉस्पिटल योजनेच्या यादीत असावं लागतं आणि आपली शिधापत्रिका जवळ लागते. शंका असेल तर हॉस्पिटलातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठून विचारायचं, तो त्यासाठीच तिथे बसलेला असतो.

म्हणून काउंटर सोडण्याआधी ही पाच कामं करा :

• पावतीवर डॉक्टरांचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का, ते वाचा.

• हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत बघा. दाखल होतानाच प्रमाणपत्राचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलात तर उत्तम.

• कॅशलेस असेल तर रोहिणी आयडीचे तेरा आकडे मोजा.

• औषधाच्या बिलावर परवान्याचा नंबर आणि बॅच नंबर तपासा.

• डिस्चार्ज कार्डवरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव अक्षरशः एक आहे का, ते जुळवून बघा.

यातला एखादा नंबर नसेल तर शांतपणे मागा. आपली नोंदणी चोख असलेल्या डॉक्टरांना तो सांगायला कमीपणा वाटत नाही. उलट रुग्ण विचारतो आहे याचा त्यांना आनंदच होतो, कारण बोगस दुकानं बंद व्हावीत ही त्यांचीही इच्छा असते. आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला वाचता येत नसेल तर त्याची पावतीही दोन मिनिटं हातात घ्या. व्याजाने पैसे काढून बिल भरणाऱ्या मागावरच्या कामगाराला, त्याच्यावर उपचार नेमके कोणी केले हे कळण्याचा हक्क, सर्वांत महागड्या खोलीत झोपलेल्या माणसाइतकाच पुरा आहे!